मेंदू ठेका धरतो तेव्हा...

सात सक किती?

"बेचाळीस!" प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर आलं असेल. आता एक काम करा. सातचा पाढा उलटा म्हणा. सत्तरपासून सुरुवात करायची आणि खाली यायचं. सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न... अडखळली ना गाडी? काही जण तर मनातल्या मनात 'सात एके सात'पासून पुन्हा धावत गेले असतील आणि हवा तो आकडा घेऊन परत आले असतील. पकडलं की नाही बरोबर?

गंमत अशी की, पाढा आपण नुसते आकडे म्हणून पाठ केलेलाच नसतो. पहिली-दुसरीत सगळ्या वर्गानं मिळून, माना डोलवत, एका सुरात म्हटलेला असतो तो. 'सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस' या ठेक्यावर बसून आकडे डोक्यात शिरले. म्हणून ठेका सुरू केला की आकडे आपोआप येतात आणि ठेका मोडला की आकडेही रुसून बसतात.

आवाजाचा ठेका आणि आपली आठवण यांचं हे नातं आज आपण पाहणार आहोत. त्याला कारणही तसंच आहे. आमच्या जुळे सोलापुरात काय किंवा तुमच्या गावात काय, परीक्षा जवळ आल्या की अभ्यासाच्या टेबलावर पुस्तकाशेजारी इयरफोन येऊन बसतो. 'ही धून ऐका, मेंदूच्या लहरी बदलतील, वाचलेलं सगळं लक्षात राहील!' अशी रेकॉर्डिंग्ज मोबाइलवर ढिगानं मिळतात. काही फुकट, तर काही चक्क पैसे मोजून. ती ऐकावीत का? 'सगळं थोतांड आहे' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण ते तितकंसं खरं नाही. आवाजानं मेंदूतल्या लहरी खरोखरच बदलतात. प्रश्न आहे तो पुढचा. लहरी बदलल्या म्हणजे आठवण पक्की होते का?

मेंदूतल्या लाटा

आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात त्या विजेच्या बारीक बारीक संकेतांनी. एकट्या पेशीची कुजबुज कवटीबाहेर ऐकू येत नाही. पण हजारो-लाखो पेशी एकदम बोलू लागल्या, की त्यांचा मिळून एक हेलकावा तयार होतो. मैदानातल्या एका माणसाचं बोलणं रस्त्यावर येत नाही, पण सगळ्यांनी मिळून दिलेली घोषणा येते ना, तसंच हे.

हा हेलकावा कागदावर पहिल्यांदा उतरवला हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं. येना या गावी १९२४ साली त्यानं माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद केली. पण लोक हसतील की काय, या धास्तीनं तो पाच वर्षं गप्पच राहिला! तोवर प्रयोग मात्र चालूच होते. त्यांतले कितीतरी प्रयोग त्यानं स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्याला तारा जोडून केले. क्लाउस तेव्हा तुमच्याच वयाचा होता. अखेर १९२९ मध्ये बर्गरनं आपलं काम छापलं. आज दवाखान्यात डोक्यावर चकत्या चिकटवून जी 'ई.ई.जी.' तपासणी करतात, तिची सुरुवात ही अशी झाली.

बर्गरला काय दिसलं? शांत बसून डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० लाटा उठतात. त्यांना त्यानं 'अल्फा' हे नाव दिलं. डोळे उघडले की त्या लाटा विरतात. पुढे इतर लाटाही सापडल्या. गाढ झोपेत लाटा अगदी संथ होतात, सेकंदाला एखादी किंवा त्याहूनही कमी. आपण एखाद्या कामात गढलो की सेकंदाला ३०-४० किंवा त्याहून जास्त अशा झपझप लाटाही दिसतात. म्हणजे मेंदू जिवंत आहे तोवर त्याचा आपला काही ना काही ठेका चालूच असतो.

टिक-टॉकचं गुपित

आता बाहेरचा ठेका आत कसा शिरतो ते पाहू. भिंतीवरच्या घड्याळाजवळ जाऊन कान द्या. काय ऐकू येतं? 'टिक-टॉक, टिक-टॉक.' खरं म्हणजे सेकंदकाट्याचा प्रत्येक ठोका जवळजवळ सारखाच असतो. 'टिक, टिक, टिक, टिक' एवढंच. त्यातला 'टॉक' आपला मेंदू पदरचा घालतो! आता मनात ठरवा, की हे ठोके तीन-तीनचे आहेत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ऐका बरं पुन्हा. घड्याळ तेच, पण तुमच्या कानांत ते आता वेगळंच वाजू लागेल.

हा नुसता भास नाही बरं का. बेल्जियममध्ये सिल्वी नोझारादान आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हेच यंत्रावर मोजलं. त्यांनी लोकांना एकसारखे ठोके ऐकवले, सेकंदाला २.४ या वेगानं. ई.ई.जी.मध्ये त्याच वेगाची लाट स्पष्ट दिसली. म्हणजे मेंदूनं ठेका धरला! मग त्यांनी सांगितलं, 'हे ठोके दोन-दोनचे आहेत अशी कल्पना करा.' लगेच १.२ वेगाची आणखी एक लाट उमटली. 'आता तीन-तीनचे समजा,' म्हटल्यावर ०.८ वेगाची. आवाज काडीइतकाही बदलला नव्हता. बदललं होतं ते ऐकणाऱ्याचं मन. तबला शिकणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. मात्रा हातावर मोजत दादऱ्याचे तीन-तीन आणि केरव्याचे चार-चार तुकडे करण्याची सवय त्यांच्या मेंदूला असतेच.

ही ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो. हंगेरीत संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या तान्ह्या बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवला. मधूनच मुख्य ठोका गाळला. बाळं झोपलेलीच, पण मेंदूच्या नोंदीत खूण उमटली, जणू 'अरे, इथं काहीतरी चुकलं!' हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला.

सोलापूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आमच्याकडची चादर आणि टॉवेल देशभर प्रसिद्ध. शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांतून जा, घराघरांतून यंत्रमागांची खटाखट ऐकू येते. साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभरएक वेळा तरी इकडून तिकडे पळतो. नवख्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. मुरलेला विणकर मात्र पाठमोरा उभा असला, तरी मागाचा आवाज जरा बदलला की वळून पाहतो. सूत तुटलं का, धोटा अडकला का? डोळ्यांनी दिसायच्या आधी त्याला कानांनी कळतं. कारण त्याचा मेंदू नुसता ऐकत नसतो, तर पुढचा ठोका कधी येणार ते आधीच सांगत असतो. तो ठोका वेळेवर आला नाही, की लगेच सावध!

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. ठेका धरायचा म्हणजे पुढे काय येणार याची वाट पाहायची. आणि आठवण्यातही आपण दुसरं काय करतो? 'सात आठे' म्हटलं की जीभ 'छप्पन्न'ची वाट पाहू लागते.

नुसत्या ऐकण्यानं हुशारी येते?

आता त्या रेकॉर्डिंगवाल्यांचं म्हणणं तपासू. ते म्हणतात, 'मेंदू ठेका धरतो ना? मग आम्ही हुशारीच्या लाटेचा ठेका ऐकवतो. तुम्ही फक्त ऐका.'

जरा थांबा. ठेका कानावर पडण्यानंच स्मरणशक्ती वाढत असती, तर आयुष्यभर दिवसाचे आठ-दहा तास मागाची खटाखट ऐकणारे आमचे कामगार एव्हाना स्मरणशक्तीच्या सगळ्या स्पर्धा जिंकून आले असते! तसं झालेलं नाही. झालं ते उलटंच. यंत्रमागाच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना कमी ऐकू येऊ लागतं, हे ठिकठिकाणच्या तपासण्यांत दिसून आलं आहे.

'पण आमची धून खास आहे,' असं ते म्हणतील. तीही पाहू. यात सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे दोन कानांत दोन सूर. समजा, डाव्या कानात सेकंदाला ४०० कंपनांचा सूर सोडला आणि उजव्या कानात ४१० कंपनांचा. तर सेकंदाला १० वेळा हेलकावणारा तिसराच आवाज ऐकू येतो. एका कानातला इयरफोन काढा, तो गायब! कारण तो बाहेर नसतोच. दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूत एकत्र येतात, तिथं तो तयार होतो. हाइनरिश डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाच्या हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. इथपर्यंत सगळं खरं.

पुढचं मात्र डळमळीत आहे. सेकंदाला १० म्हणजे अल्फा लाट, अल्फा म्हणजे शांत मन, आणि शांत मन म्हणजे पाठांतर पक्कं, अशी ती साखळी आहे. आता असं पाहा. धावल्यावर घाम येतो. पण अंगावर पाणी शिंपडून घेतलं, तर धावण्याचा व्यायाम होईल का? पोलंडमधल्या संशोधकांनी २०२३ साली जवळपास १००० लोकांना घरच्या घरी असे आवाज ऐकवून बुद्धीची परीक्षा घेतली. गुण वाढले तर नाहीतच, उलट कमी झाले! इतरांच्या प्रयोगांत कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच नाही. ज्यावर अजून एकमत नाही, त्यासाठी खिशातले पैसे कशाला घालवायचे?

असाच गोंधळ पूर्वी मोत्सार्टच्या संगीताबद्दल झाला होता. १९९३ साली अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोत्सार्टची रचना दहा मिनिटं ऐकल्यावर घडी घातलेला कागद उलगडला की कसा दिसेल, अशा प्रकारचे प्रश्न त्यांना जरा बरे सोडवता आले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. पण बातम्यांचा प्रवास असा झाला, की 'मोत्सार्ट ऐका, हुशार व्हा'! १९९८ मध्ये तर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची भेट द्यायची योजना मांडली. नंतर इतरांनी प्रयोग करून पाहिले, तर काहींना काहीच सापडलं नाही. दोघा संशोधकांनी एक मजा केली. संगीताऐवजी त्यांनी एक गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांना गोष्ट ऐकल्यावर प्रश्न चांगले सुटले! म्हणजे जादू मोत्सार्टची नव्हतीच. मन प्रसन्न असलं, ताजंतवानं असलं, की थोडा वेळ डोकं बरं चालतं, एवढंच. ते मैदानावर दोन फेऱ्या मारूनही होतं.

झोक्याला धक्का कधी द्यायचा?

तर मग बाहेरच्या आवाजाचा आठवणीला काहीच उपयोग नाही? आहे. पण कसा, ते फार मजेशीर आहे.

नागपंचमीला झोका खेळला आहात ना? झोक्याला धक्का कधी द्यायचा असतो? तो मागे येऊन क्षणभर थांबतो आणि पुढे निघतो, नेमका तेव्हा. त्या वेळी बोट लावलं तरी झोका उंच जातो. अवेळी जोर लावला, तर झोकाही अडतो आणि आपणही पडतो.

गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा चालू असतात, हे वर सांगितलंच. दिवसा शिकलेलं पक्कं करायचं काम मेंदू याच वेळी करतो. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथं हाँग-व्हिएत न्गो, यान बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ जणांना रात्री शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि झोपवलं. एक यंत्र त्यांच्या मेंदूच्या लाटांवर नजर ठेवून होतं. लाट चढू लागली, की नेमक्या त्या क्षणी 'खस्स' असा बारीकसा आवाज कानांत सोडायचा. झोक्याला धक्काच म्हणा ना! लाटा मोठ्या झाल्या आणि सकाळी त्यांना जास्त जोड्या आठवल्या. पण लाटेशी ताल न जुळवता आवाज सोडला, तर फायदा झाला नाही. हे संशोधन २०१३ चं. पुढच्या प्रयोगांत असा फायदा कधी दिसला, कधी नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आवाजानं मेंदूच्या मागे मागे जावं लागतं. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगला तुमच्या मेंदूची लाट कुठे आहे ते दिसतच नाही, मग ते धक्का वेळेवर कसा देणार? आणि दुसरी, त्या ११ जणांनी शब्द आधी स्वतः पाठ केले होते! झोपेनं ते पक्के केले. न वाचलेलं पुस्तक कुठलीही झोप आणि कुठलाही आवाज डोक्यात भरत नाही.

आजी-आजोबांच्या विसराळूपणावरही अशा आवाजाचा शोध चालू आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत ली-हुई त्साई आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश आणि २०१९ मध्ये त्याच वेगाचा आवाज वापरला. प्रयोग होते उंदरांवर, ज्यांना अल्झायमरसारखा आजार होता. मेंदूत साचणारा घातक प्रथिनांचा थर कमी झाला आणि आवाज ऐकलेले उंदीर आठवणीच्या परीक्षेत बरे ठरले. मोठी आशेची बातमी होती ती. पण २०२३ मध्ये दुसऱ्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेनं लुकलुकत्या प्रकाशाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांना तसा परिणाम दिसला नाही. म्हणून माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा पक्का निकाल हाती आल्याशिवाय याला औषध म्हणता येत नाही. कुणी आजीसाठी '४० वाला आवाज' विकायला आणला, तर आधी डॉक्टरांना विचारा.

जात्यावरची शाळा

मग आठवण पक्की करणारा ठेका कुठला? त्यासाठी आपल्याच घरातल्या जुन्या माणसांकडे वळू.

पिठाच्या गिरण्या नव्हत्या, तेव्हा बायका पहाटे उठून जात्यावर दळायच्या. जात्याची घरघर, खुंट्यावर फिरणारा हात आणि त्याच लयीत म्हटलेली ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून या ओव्या गोळा केल्या. किती असतील? एक लाखाहून जास्त! त्या सांगणाऱ्या कितीतरी बायकांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी लिहून ठेवली. ती पुस्तकरूपानं १९५२ मध्ये आली आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला.

या बायकांच्या कानांत कुणी धून सोडली नव्हती. ठेका त्यांच्या हातात होता, शब्द त्यांच्या तोंडात होते. ऐकणं आणि करणं यांतला हाच तो फरक. विज्ञानही हेच सांगतं. मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्यानं म्हटलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हे पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे. कारण म्हणताना जीभ हलते, कान आपलाच आवाज ऐकतात आणि 'हे मी म्हटलं होतं' अशी एक जादा खूण मनात उमटते. ठेका ऐकताना तर मेंदूतले हालचालींचे भागही जागे होतात, हातपाय स्थिर असले तरी! म्हणून तर हलगी वाजली की लेझीमच्या पथकातल्या मुलांचे पाय थांबत नाहीत आणि हलगीशिवाय तोच डाव आठवायला सांगितला, की 'थांबा हं, एक-दोन-तीन...' सुरू होतं.

ठेका आणखी एक काम करतो. तो मोठ्या वस्तूचे छोटे घास करून देतो. हे आकडे एकदाच वाचा आणि डोळे मिटून म्हणा: ३८१६९४२७५. जमलं? आता असे म्हणा: ३८१, ६९४, २७५. तीन-तीनच्या ठेक्यात. सोपं झालं ना? एका दमात आपल्याला सातएक गोष्टीच धरून ठेवता येतात, असं जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये लिहिलं होतं. पण तीन आकड्यांची एक मोट बांधली, की तिची एकच गोष्ट होते.

मात्र ठेक्याची एक खोड आहे, ती तुम्ही सुरुवातीलाच पाहिलीत. तो साखळी बनवतो. साखळीच्या मधल्या कडीला हात घालायचा, तर सुरुवातीपासून ओढत यावं लागतं. परीक्षेत प्रश्न नेमका मधला येतो! त्यावर उपाय एकच. पाठ झालं की साखळी मुद्दाम तोडायची. पुस्तक मिटून, मधूनच विचारायचं आणि आठवायचं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वाचणारे पुढे, ८३ टक्क्यांना ७१. पण आठवड्यानंतर? वाचणाऱ्यांना आठवलं ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! पुन्हा पुन्हा वाचलं की 'मला येतंय' असं वाटतं. आठवायला बसलं की खरं काय ते कळतं.

करून पाहा

आता माझ्यावर तरी विश्वास कशाला ठेवता? स्वतःच तपासा.

वेगवेगळ्या ३६ वस्तूंची नावं ३६ चिठ्ठ्यांवर लिहा. चिठ्ठ्या चांगल्या मिसळून १२-१२ चे तीन गठ्ठे करा. रोज रात्री एक गठ्ठा, पाचच मिनिटं. पहिल्या दिवशी शांतपणे मनात वाचा. दुसऱ्या दिवशी मोबाइलवरची एखादी 'अभ्यासाची धून' लावून मनात वाचा. तिसऱ्या दिवशी चार-चार शब्दांचा ठेका करून, टाळीवर, मोठ्यानं म्हणा. रोज दुसऱ्या दिवशी सकाळी, चिठ्ठ्या न बघता, आठवतील तेवढे शब्द लिहून काढा आणि मोजा.

तीन नियम पाळायचे. एक, वेळ दररोज सारखीच हवी. दोन, निदान चार-पाच मित्रमैत्रिणींना सामील करून घ्या आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी नुसत्या सरावानंच गुण वाढले असतील आणि श्रेय टाळीला मिळेल! तीन, काय होईल असं तुम्हाला वाटतं, ते कुणालाही आधी सांगू नका. मोत्सार्टच्या गोष्टीत घाई झाली ती अशाच जागी.

प्रयोगापुरती धून लावाल तेव्हा आणि एरवीही, आवाज मोबाइलच्या ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचं, तर आवाज ७५ डेसिबलच्या आतच हवा. आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात अवघ्या १५-१६ हजार. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि शब्द असलेली गाणी लावून इतिहास पाठ करू नका. गाण्यातले शब्द आणि धड्यातले शब्द एकाच दारातून आत शिरायला भांडतात!

आमच्या भागाचं नाव जुळे सोलापूर. जुळे म्हणजे जोडीचं. ठेका आणि आठवण यांचीही जोडी आहे खरी, पण ती जुळवून द्यायला मध्ये एक तिसरं माणूस लागतं. ते म्हणजे तुम्ही. तुम्ही म्हणायचं, तुम्ही टाळी द्यायची, तुम्ही आठवायचं आणि मग स्वस्थ झोपायचं. उरलेलं काम मेंदू करतो, आणि त्याचे तो पैसे घेत नाही.

तर तुमच्या वहीतले तीन दिवसांचे आकडे आम्हाला नक्की कळवा. 'टाळीचा काही उपयोग झाला नाही' असं निघालं, तरी तसंच लिहा. जे निघालं ते लिहिणं, याचंच तर नाव प्रयोग. आणि हो, पत्र पाकिटात घालायच्या आधी, सुरुवातीपासून न धावता सांगा पाहू, सात आठे किती?